धडधाकट इंजिनाची धास्ती

ज्याला ही गोष्ट खोटी वाटेल, त्यानं ऐन उकाड्यात त्या गावी जावं आणि पाण्याच्या टाकीजवळच्या चढावर घटकाभर उभं राहावं. चढ लागला रे लागला की तिथली माणसं हात लांब करून गाडीतला हीटर लावतात. कपाळावरून घामाच्या धारा, शेजारी बसलेला पाहुणा अर्धमेला, पण हीटर चालू. चौकात थांबली की ब्रेकवर पंजा आणि ॲक्सिलरेटरवर टाच ठेवून गाडी गुरगुरत ठेवतात, डोळा लागलेल्या पोराला आई चिमटे काढत जागं ठेवते तसं. आणि गाडी कालच शोरूममधून आणलेली असली तरी सुरू करण्याआधी डॅशबोर्डवर एक थाप मारतातच.

याला कारण मास्तर. अख्खं गाव मास्तरांकडे गाडी शिकलं आणि मास्तरांकडे गाडी एकच. तिला सगळे मावशी म्हणत.

मावशीला काय होत नव्हतं ते विचारा. उभी राहिली की बंद पडायची, चढली की तापायची, आणि आतून सदोदित टकटक टकटक, जणू कुणाला तरी आत कोंडून ठेवलंय आणि तो दार वाजवतोय. मास्तर बॉनेटला कुणाला हात लावू देत नसत. "इंजिन म्हणजे घरातली भानगड," ते म्हणत, "चव्हाट्यावर मांडायची नाही." त्यांचे उपाय घरगुती. पेट्रोलची टाकी गळली, साबण चोळ. रेडिएटर गळला, अंडं फोडून घाल. एकदा म्हणे चढावर पाणी उकळलं, झाकण उघडलं तर आत अंडी पक्की शिजलेली, आणि मास्तरांनी तिथंच एका घरात जाऊन चिमूटभर मीठ मागितलं. ही हकीकत सांगणारा साक्षीदार एकच, स्वतः मास्तर.

तर अशा या मास्तरांच्या शेजारी, मावशीच्या चालकाच्या जागेवर, वहिनी बसली होती.

वहिनी म्हणजे बेकरीची गाडी चालवणाऱ्याची बायको. नवरा मास्तरांचा जुना मित्र, म्हणून मास्तर तिला वहिनी म्हणत, आणि मास्तर म्हणतील ते गाव म्हणे. जन्मभर तिनं बेकरीत पाव भट्टीतून काढले आणि नवऱ्यानं ते गावभर पोचवले. मग नवरा पिठाच्या पोत्यासकट जिन्यावरून खाली आला. पोतं वाचलं, खांदा गेला. डॉक्टर म्हणाले, आता स्टिअरिंग विसरा.

बेकरीच्या मागच्या दोन खोल्या त्या पाव पोचवण्याच्या फेरीबरोबर मिळालेल्या. जो फेरी करील तो तिथं राहील, असा रिवाजच होता. मालक वाईट नव्हते, पण त्यांना एक पुतण्या होता, त्याला लायसन होतं, आणि त्याचं लग्न ठरत होतं. मालक म्हणाले, "या आठवड्यात वहिनींना लायसन मिळालं तर फेरी तुमचीच. नाहीतर मला तरी किती दिवस त्या पोराला थोपवता येईल?"

पुतण्या परवा खोल्या बघून गेला होता. नुसत्या बघितल्या नाहीत, टेप लावून खिडकी मोजली होती. पडद्यासाठी. वहिनीच्या डोळ्यापुढून ती टेप हलत नव्हती.

"टाकी आली," मास्तर म्हणाले. "हीटर."

वहिनीनं हीटर लावला; इंजिनाची ऊब आत ओढली की मावशी जरा कमी तापे. गरम वारा तोंडावर आला. टकटक वाढली. टक-टक-टक अशी सलग झाली की दुसरा गिअर, ती घर्रर्र अशी एकमेकांत मिसळली की तिसरा, हे मास्तरांचं गणित तिच्या हाडीमाशी भिनलं होतं. ती रस्त्याकडे डोळ्यांनी बघे, पण गाडी कानांनी चालवी.

पण आज टकटकीत दुसरं काहीतरी होतं. एक फुसफूस.

"मास्तर, काटा बघा. लाल पट्ट्यात गेलाय."

"लाजली असेल."

"मास्तर, मागं धूर!"

आरशात पांढरा ढग उठला होता. गोडसर वास आला, साखरेचा पाक करपावा तसा. मावशीनं एक हिसका दिला, दोन दिले आणि टाकीखाली मान टाकली. मास्तर उतरले, खिशातून अंडं काढलं. होय, खिशातून; शिकवणीला जाताना ते अंडं घेऊनच निघत. पण बॉनेट उघडून त्यांनी ऑइल बघायची पट्टी ओढली आणि त्यांचा चेहरा पडला. पट्टीवर ऑइल नव्हतं. दुधाळ चहासारखं काहीतरी होतं.

"आता?" वहिनीनं विचारलं. "परीक्षा तोंडावर आलीय, मास्तर. दुसरी गाडी—"

"दुसरी गाडी तुम्हाला कळणार नाही." हे मात्र मास्तर खरं बोलले. मग अंडं खिशात परत ठेवून, कडू औषध गिळावं तसं म्हणाले, "छोटीला बोलवावं लागणार."

छोटी म्हणजे मास्तरांची धाकटी बहीण. आईबापांनी हे नाव ती पाळण्यात असताना ठेवलं आणि मग ती वाढत गेली ती वाढतच गेली. दारातून आत येताना ती आधी दाराकडे रागानं बघे आणि दार अंग चोरून घेई. गावाबाहेर तिचं गॅरेज होतं. गावातल्या सगळ्या गाड्या तिच्या हाताखालून जात, एक मावशी सोडून. त्यावरून भावाबहिणीत अबोला होता.

छोटी टोचनगाडी घेऊन आली. तिनं पट्टी बघितली, धुराचा वास घेतला, आणि वहिनीकडे बघून बोलली, कारण भावाशी बोलायचं नव्हतं.

"वहिनी, यांना सांगा, हेड गॅस्केट फुटलंय. पाणी ऑइलमध्ये चाललंय. आणखी एक चढ चढवला असता तर इंजिन जाम झालं असतं, मग ते फुलझाडं लावायला घ्यायचं. थर्मोस्टॅट अडकलाय, म्हणून तापते. एक प्लग मेलाय, म्हणून उभी राहिली की बंद पडते. आणि ती टकटक व्हॉल्व्हची आहे, व्हॉल्व्ह ढिले पडलेत. हे सगळं एका दिवसात झालेलं नाही. वर्षानुवर्षं ती ओरडतेय आणि हे तिला अंडी खाऊ घालतायत!"

"तिला सांगा," मास्तर वहिनीला म्हणाले, "की डोकं दुखतंय म्हणून गेलं की ही माणसाचं मुंडकंच उतरवते."

"यांना सांगा, मुंडकं उतरवावंच लागणार. त्यालाच हेड म्हणतात."

"परीक्षेच्या दिवसापर्यंत होईल का हो?" वहिनीनं मधेच विचारलं. तिला दोघांचंही काही सांगायचं नव्हतं.

छोटीनं तिच्याकडे नीट बघितलं. "त्या दिवशी सकाळी इथूनच घेऊन जा," ती म्हणाली.

मधले दिवस वहिनीचा जीव टांगणीला लागला. पाव काढताना हात भाजला, तरी तिला ते संध्याकाळी कळलं. नवरा धीर देई. "अगं, छोटी म्हणजे मेलेल्या गाडीला उठवून चालायला लावणारी बाई. गाडी ठणठणीत होईल, मग तुला कसली काळजी?"

"काळजी नाही, तरी पोटात कालवतंय."

"ते भुकेनं."

"अहो, भट्टीवर काम करणाऱ्या बाईला भूक म्हणजे काय ते कळतं."

नवऱ्यानं डाव्या हातानं खिडकीचा पडदा जरा सरळ केला. त्याच्याही डोळ्यापुढे टेप असावी.

परीक्षेच्या दिवशी सकाळी मावशी गॅरेजच्या अंगणात उभी होती. धुतलेली, आणि कधी नव्हे ती खाली ऑइलचं डबकं नसलेली. वहिनी बसली, शेजारी मास्तर बसले, तिनं डॅशबोर्डवर थाप मारली आणि किल्ली फिरवली.

काही नाही. टकटक नाही, हिसका नाही, काहीच नाही.

"सुरू होत नाहीये," ती म्हणाली आणि तिनं किल्ली पुन्हा फिरवली.

खर्रर्र! पत्र्यावर करवत फिरावी तसा आवाज झाला. छोटी हातातला पाना टाकून धावली. "अहो वहिनी, चालू आहे ती! चालूच आहे! चालू गाडीला किल्ली मारता? दात तोडाल तिचे!"

"चालू आहे? मग आवाज कुठाय?"

"काढला मी तो. आवाज म्हणजे दुखणं. दुखणं गेलं."

गाडी बंद पडू नये म्हणून वहिनीची टाच आपोआप ॲक्सिलरेटरवर गेली, जशी रोज जाई, तेवढ्याच जोरानं. मावशीनं डरकाळी फोडली. वहिनी घाबरली, तिनं क्लच सोडला, आणि जी मावशी चढावर गोगलगायीशी शर्यत हरायची ती कानात वारं भरल्यासारखी उधळली आणि जुन्या टायरांच्या चळतीत जाऊन घुसली. वरचा टायर घरंगळत कुंपणापर्यंत गेला, जरा विचार केला आणि आडवा झाला.

वहिनी स्टिअरिंगला धरून बसली. मग तिनं मास्तरांकडे मान वळवली. "मास्तर, हिचा गिअर कधी बदलायचा? मला काही ऐकू येत नाही."

मास्तर गोष्टी सांगण्यात कधी हरले नव्हते. पण आता त्यांनी टोपी काढली, आत बघितलं, पुन्हा घातली. "वहिनी, खरं सांगू? धडधाकट गाडी मीच कधी चालवलेली नाही."

"ताई," वहिनी छोटीला म्हणाली, "हिला परत आजारी करा. एखादी वायर काढा. मला ती तशीच येते."

छोटीचा चेहरा भट्टीसारखा लाल झाला. "माझ्या हातून? मी बरं केलेलं इंजिन मी बिघडवू? आणि तो नवा परीक्षक ठाऊक आहे ना? मागच्या खेपेला त्यानं मावशीला लायसन ऑफिसच्या फाटकातूनच परत पाठवलं. म्हणाला, पुन्हा इंजिनात धूर दिसला किंवा खडखड ऐकू आली तर परीक्षा नाही. गाडी बाद, माणूस पण बाद."

"मग मी काय करू? मला आवाज लागतो!"

"आवाज लागतो तर तोंडानं काढा!"

छोटी हे रागानं बोलली, टोमणा म्हणून. पण बुडत्याला काडीचा आधार. वहिनीनं तोंड मिटलं, जीभ टाळ्याला लावली, आणि अगदी हळू सुरू केलं. टक... टक... टक.

पाय आपोआप हलका झाला. गाडी मागं आली, अंगणात एक फेरी झाली. टकटकटक, दुसरा. घर्रर्र, तिसरा. मास्तरांनी डोळे मिटले. "हुबेहूब," ते म्हणाले, "मावशीच!"

"यांना सांगा," छोटी पुटपुटली, "की गावाला वेड लावलंत ते लावलंत."

परीक्षक सडपातळ होते, कोट घडी न मोडलेला, तोंडालाही इस्त्री केलेली. ते परगावचे. वहिनीशेजारी बसले, आधी बॉनेटकडे कान दिला. शांतता. मान हलवली. "चला."

वहिनीनं ओठ मिटून, परीक्षकांना ऐकू जाणार नाही इतपत टकटक केली. गाडी निघाली. चौक झाला, उलटी गाडी घेऊन झाली, वळण झालं. डोक्यात एकच चित्र होतं, खिडकीवर लावलेली टेप. पण गाडी चालत होती.

टाकीचा चढ आला. हात आपोआप लांब झाला, हीटर लागला.

"या गावातल्या माणसांना," परीक्षक टाय सैल करत म्हणाले, "चढावर थंडी का वाजते हे मला अजून उमगलेलं नाही."

चढ अवघड होता आणि वहिनीचं तोंड कामात होतं. चढ वाढला तशी टकटक वाढली. भीतीनं तिचं भान सुटलं. ओठ उघडले. टकटकटकटक!

परीक्षकांनी मान ताठ केली. "गाडी बाजूला घ्या. इंजिनात आवाज आहे."

गाडी बाजूला लागली. परीक्षक उतरले, बॉनेट उघडलं, वाकून ऐकू लागले. मावशी दूध प्यायलेल्या मांजरासारखी सुस्कारे टाकत होती. बऱ्याच वेळानं ते परत बसले. "विचित्र आहे. पुन्हा चालवा."

आता आवाज काढावा तर गाडी बाद. न काढावा तर... वहिनीनं तोंड घट्ट मिटलं आणि क्लच सोडला. मावशीनं बेडकासारखी उडी मारली आणि बंद पडली. पुन्हा सुरू केली. पुन्हा बंद पडली. परीक्षकांनी खिशातून पेन काढलं.

पेनाचं टोपण निघताना टक असा आवाज झाला. त्या एवढ्याशा आवाजानं वहिनीचा बांध फुटला.

"साहेब, तो आवाज इंजिनाचा नव्हता."

"मग?"

"माझा."

परीक्षकांनी तिच्याकडे बघितलं. गावात ते नवे होते, पण नोकरीत नवे नव्हते. लाच देणारे, रडणारे, मंत्र्याचे मेहुणे, सगळे बघून झालेले. हे नवीन होतं.

"काढून दाखवा," ते म्हणाले.

दरदरून घाम फुटलेला, समोर लायसन, मागं बेकरीच्या दोन खोल्या, अशा अवस्थेत एका प्रौढ बाईनं भर रस्त्यात आजारी इंजिनाचा आवाज काढला. टक... टक... टक. क्लच सुटला. मावशी लोण्यातून सुरी निघावी तशी निघाली. टकटकटक, दुसरा. मधेच परीक्षकांनी अचानक हात वर केला, थांबवायची खूण. वहिनीचा आवाज थांबला आणि गाडीही जागच्या जागी थांबली, पुढच्या टोपलीवाल्याला वारासुद्धा लागला नाही. पुन्हा टक... टक. टाकी ओलांडली, उतार उतरला, गाडी फाटकात येऊन पांढऱ्या पट्ट्यांत अशी उभी राहिली की जणू पट्टे गाडी उभी राहिल्यावर मारले असावेत.

मास्तर आणि छोटी फाटकाशी उभे होते. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते, पण छोटीनं मास्तरांची बाही धरली होती.

परीक्षकांनी कागद मांडीवर घेतला. वहिनीला स्वतःचं काळीज ऐकू येत होतं, तेही त्याच तालात.

"नियम असा आहे," ते शेवटी म्हणाले, "की इंजिनानं खडखड करू नये. चालकानं करू नये असं कुठं लिहिलेलं मला सापडलेलं नाही. गाणी म्हणत चालवणारे मी पास केलेत, आणि ती गाणी याहून वाईट होती." मग पेन चाललं. "आता तेवढा हीटर बंद करा. मी उकडून निघालोय."

बेकरीची फेरी वहिनीकडे राहिली आणि खोल्याही. पुतण्यानं पडद्याचं कापड दुसऱ्या खिडकीला नेलं. भल्या सकाळी गल्लीत टकटक ऐकू आली की लोक पिशव्या घेऊन दारात येत. बेकरीची गाडी नवीकोरी, इंजिन तोंडातून अवाक्षर काढत नसे, पण चालकाच्या खिडकीतून टकटकटक, घर्रर्र. दुसऱ्या गिअरला चुलीवरची दुधाची भांडी खाली उतरवली जात, तिसऱ्याला कुत्री रस्ता सोडत. नवरा शेजारी बसून डाव्या हातानं पाव देई. पहिल्यांदा त्यानं कानात कापूस घातला, मग तो ताल धरायला लागला.

एके दिवशी टाकीचा चढ चढताना तो वैतागला. "अगं, आज जरा जास्तच लावलंयस. हळू कर ना, कान किटले."

वहिनीनं गिअर बदलला.

"ऐकतेस ना? तोंड मीट जरा."

वहिनीनं वळून त्याच्याकडे बघितलं. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते.

टकटक चालूच होती.

नवऱ्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला. त्याची नजर मागं, पावांच्या ट्रेशेजारच्या अंड्यांच्या क्रेटकडे गेली.

"अंडी आहेत मागं," तो हळूच म्हणाला. "मास्तर म्हणायचे—"

"हात लावाल तर बघा," वहिनी म्हणाली. तिनं काटा बघितला. धूर दिसतोय का म्हणून आरशात बघितलं. मग गाडी वळवली आणि एकही गिअर न चुकता, तोंडातून चकार शब्द न काढता, थेट गावाबाहेर छोटीच्या गॅरेजात नेऊन उभी केली. किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली.

"ताई, बघा काय झालंय," ती म्हणाली. "आज मी नाही."